खालची वस्ती

आमच्या फार्मवर पान खाऊन थुंकायला बंदी होती, आणि ती बंदी मोहतमीम साहेबांनी घातलेली नव्हती. साहेब म्हणजे फार्मचे मुख्य, हैदराबादचे, स्वतः दिवसाला दहा विडे खाणारे. बंदी गफूरचाचांची होती. हुद्द्यानं ते साधे फील्डमन. पण त्यांच्यासमोर साहेबसुद्धा तोंडातला विडा घेऊन थेट रस्त्याकडेच्या नालीपर्यंत चालत जायचे आणि तिथं मोकळे व्हायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. परळीपर्यंत रेल्वे नुकतीच आली होती आणि तेलगावच्या शिवारात सरकारनं शेतीचा एक छोटा फार्म काढला होता. मी तिथं मुन्शी म्हणून लागलो. मॅट्रिक झालेला, उर्दूत झोकदार अर्ज लिहिता येतो म्हणून चार बोटं वर चालणारा. पहिल्याच दिवशी बांधावर उभा राहून पिचकारी मारली आणि मागून आवाज आला.

"कावून थुंकला बे? खाली माणसं राहत्यात."

मी दचकून खाली पाहिलं. काळी माती, दोन ढेकळं, एक मुंगळा.

"कुठं राहतात?"

"तुझ्या पायाखाली. लई दाट वस्ती हाय. सगळ्या बीड जिल्ह्यात न्हाईत एवढी एका चिमटीत."

उंच, वाळका माणूस. मेंदीनं लाल झालेली दाढी, आणि मनगटापर्यंत निळसर पडलेले हात. ते हात काही केल्या धुऊन निघत नसत. मी मनाशी म्हटलं, झालं, वेड्यांच्या बाजारात आलो.

गफूरचाचा मूळचे रंगरेज. तेलगावात त्यांच्या आज्यापासून लुगडी आणि पागोटी रंगवायचं काम. मग डबाबंद परदेशी रंग आले, घरोघर बाया पातेल्यात पुडी टाकून आपापलं रंगवू लागल्या आणि चाचांचा धंदा बसला. फार्मच्या जुन्या साहेबांना मोरचूद, तुरटी, हिराकस असले क्षार वासावरून ओळखणारा माणूस हवा होता. त्यांनी चाचांना ठेवून घेतलं, आणि एकदा हैदराबादला नेऊन खुर्दबिनीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, मातीचं पाणी दाखवलं. ते दृश्य चाचांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. दर वेळी सांगताना एक डोळा मिटायचे.

"जत्रा रे मुन्शी, जत्रा! कुणी लांब, कुणी गोल, कुणी नुसतंच थरथरतंय. आन् आमी बापलेक चाळीस साल त्यांच्या डोक्यावर मोरचुदाचं पानी वततो हाव!"

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज उतरायचा. कारण घरामागं एक जागा होती, दोन बाजा मावतील एवढी. रंगकामाचं उरलेलं पाणी बापजाद्यांपासून तिथंच ओतलेलं. तिथं गवताचं पातं उगवत नसे. शेजारच्या लिंबाचा पाला पडायचा तो तसाच पडून राहायचा, ना कुजायचा ना मातीत मिसळायचा. चाचांना सगळं कळलं ते त्या पाल्यावरून. खुर्दबिनीनं फक्त त्यावर शिक्का मारला.

तेव्हापासून त्यांनी एक रिवाज धरला. दर जुम्म्याला नमाज झाली की चांगल्या शेतातली एक टोपली माती डोक्यावर घेऊन यायची, त्या मेलेल्या जागेवर पसरायची, वर थोडं शेणखत, थोडं पाणी. गाव हसायचं. हलीमाचाची, म्हणजे त्यांची बायको, तर कपाळाला हात लावायची. "लोकं शेतातून ज्वारी आणत्यात, आमचं हे माती आणतंय."

"विरजण हाय ते," चाचा म्हणायचे. "दुधाला लावत न्हाईस का? तसं जमिनीला."

"आन् लागलं किती सालांत?"

"दूध लई नासलेलं हाय. येळ लागंल."

त्यांची दुसरी सवय म्हणजे वास घ्यायची. कुठल्याही शेतात गेले की वाकायचे, मूठभर माती उचलायचे, नाकाशी न्यायचे आणि मगच शेताच्या मालकाला सलाम करायचे. "जिती हाय" म्हणाले की मालकाचा चेहरा खुलायचा. काहीच बोलले नाहीत की तो बिचारा आठवडाभर जेवत नसे.

पण चाचा नाकावर विसंबणारे नव्हते, हे त्यांचं मोठेपण. त्यांचा खरा विश्वास मडक्यावर. काहीही वाद निघाला की म्हणायचे, "तुझं म्हणणं ऱ्हाऊ दे, मडकं काय म्हणतंय?" मडक्यात माती घ्यायची, तिच्यात कोरं मांजरपाट कापड पुरायचं, रोज मापानं पाणी घालायचं आणि एकविसाव्या दिवशी काढायचं. माती जिती असेल तर खालची वस्ती कापड खाते, ते कुजतं, ओढलं की फाटतं. माती मेलेली असेल तर कापड घातलं तसं बाहेर येतं. कापडाची नस रंगरेजाला नाही कळायची तर कुणाला?

एकदा बापूराव पाटलांनी त्यांना भर पारावर डिवचलं. पाटील म्हणजे गावातला सगळ्यात मोठा बागायतदार, उसाचा मालक, बोलणं खणखणीत. म्हणाले, "गफूरभाई, माती जिती आसंल तर ती श्वास घेती का?"

चाचा उठले. घरी जाऊन चुन्याची निवळी घेऊन आले, पेल्यात ओतली, बोरूची नळी पाटलांच्या हातात दिली. "फुंका."

पाटील फुंकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"हा तुमचा श्वास. आता हे बघा." दुसरा पेला निवळीचा भरला आणि पाटलांच्याच मळ्यातल्या ओल्या मातीबरोबर एका बरणीत ठेवून तोंड मेणानं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सगळा पार गोळा झाला. निवळीवर पांढरी साय आली होती. पाटील बरणीवर वाकले आणि म्हणाले, "च्यायला, आमच्या शेतात आमच्यापेक्षा जास्त माणसं हायेत म्हना की." त्या दिवसापासून पाटील चाचांना मानत, पण कबूल करत नसत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. तिच्यात गाढवपणा माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्या साली उसाला उदई लागली. उदई म्हणजे वाळवी. बेणं, म्हणजे उसाची कांडी, लावलं की आतून पोखरून टाकायची. पाटलांचा निम्मा मळा बसला आणि ते रोज फार्मवर येऊन साहेबांच्या डोक्यावर बसू लागले. साहेबांनी वर लिहिलं आणि परळीच्या स्टेशनावर पत्र्याच्या डब्यांतून पांढरी पूड येऊन पडली. सोमल विषाच्या जातीची, जालीम. ती मातीत मिसळायची, उदई खलास. हुकूम असा की पौषात उसाची लावणी सुरू व्हायच्या आत सगळ्या बागायतीत पसरा.

चाचांनी डब्याचं झाकण उघडलं, लांबूनच वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

"साहेब, उदई मरंल. पर खालची वस्ती?"

साहेब कावले. "गफूर, ऊपर का हुकूम है।"

"हुकूम माणसाला. माती हुकूम वाचत न्हाई. मला एकवीस दिस द्या. आमच्या घरामागं जे झालं ते सगळ्या शिवारात झालं तर हितं कुनी पिकवायचं न्हाई."

साहेब माणूस समजूतदार. त्यांनी एकवीस दिवस दिले. बारा मडकी मांडली, सगळ्यांत पाटलांच्या मळ्यातली माती. सहांत नुसती माती, सहांत डब्यावर लिहिलेल्या मापानं पूड. पूड कालवल्यावर चाचांनी मला तीनदा हात धुवायला लावले. कापडाच्या पट्ट्या कापायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी शहाण्यानं माप चुकवलं. नुसत्या मातीच्या सहा मडक्यांतच मांजरपाट संपलं. जुम्मा होता, चाचा मशिदीत गेलेले. मी म्हटलं, थांबतो कशाला? सायकल काढली आणि त्यांच्या घरी गेलो. चाची चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "दोरीवरचं कोरं घे की." घेतलं, फाडलं, येऊन उरलेल्या मडक्यांत पुरलं. चाचांना सांगितलं, झालं काम. कापड कुठलं हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं.

एकविसाव्या दिवशी चिंचेखाली गाव जमलं. पाटील आले, साहेब खुर्ची टाकून बसले. फांदीला लोखंडी आकडा बांधलेला. चाचा एकेक पट्टी काढायचे, धुवायचे, ओलीच आकड्यात अडकवायचे, खाली तराजूचं पारडं लावून वजनं चढवायचे. नुसत्या मातीतली पट्टी पावशेरालाच टर्रकन फाटली. सहाच्या सहा तशाच. मग पुडीच्या मातीतली पहिली पट्टी. एक शेर, दोन शेर, पाच शेर. पट्टी ढिम्म. दुसरी तशीच, तिसरी तशीच. एखाद्या भोयाचं जाळं असावं तशी चिवट.

लोकांत कुजबुज सुरू झाली. ही पूड जमीन मारते! पाटलांचं तोंड उतरलं. साहेब उठून उभे राहिले. "शाबास गफूर! मुन्शी, लिखो." डबे परत पाठवण्याचं पत्र मी तिथंच बसून लिहायला घेतलं. लई खुशीत होतो मी. चाचा जिंकले होते.

आणि चाचा आकड्याशी उभे राहून पट्टीकडं बघत होते. नुसते बघत होते. मग त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"मुन्शी, हे कापड कुठलं?"

पट्टी जिथं लोखंडाला टेकली होती तिथं काळा डाग पडला होता, शाई सांडावी तसा. फाटलेल्या पट्ट्यांवर असला डाग नव्हता. मी सांगितलं, चाचीनं दिलं, दोरीवरचं.

चाचांनी डोळे मिटले. कुठल्याही रंगरेजाच्या घरात कापड रंगात घालायच्या आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळत टाकतात. दिसतं कोऱ्यासारखंच, जरासं पिवळट. पण हिरडा प्यालेलं कापड लवकर कुजत नाही, आणि ओलं असताना लोखंडाला लागलं की काळं पडतं. चाचीच्या लेखी रंग चढला नाही तोवर सगळं कापड कोरंच. म्हणजे पट्ट्या शाबूत राहिल्या त्या पुडीमुळं की हिरड्यामुळं, हे खुद्द अल्लामियाँलाच ठाऊक.

हे जमलेल्या शंभर माणसांत फक्त एकाला कळलं होतं. साहेब जवळ आले, चाचांनी त्यांना हळू आवाजात सांगितलं तर तेही हळूच म्हणाले, "गफूर, तुझंच म्हणणं सिद्ध झालंय ना? मग तो डाग राहू दे. पत्र जाऊ दे."

काय सोपं होतं हो! जमीन वाचत होती, चाचांचा मान वाढत होता, माझा गाढवपणा झाकला जात होता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

चाचा म्हणाले, "साहेब, माझं म्हणणं खरं आसंल बी. पर हा निकाल खोटा हाय." आणि वळून सगळ्या गावाला मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, आज काय बी ठरलं न्हाई. कापडात खोट निघाली. कापड माझ्या घरचं, चूक माझी."

मी पुढं झालो. म्हणालो, "चाचा, मी आणलं..."

"गप ऱ्हा. कापड बघायचं काम रंगरेजाचं. मुन्शीला काय कळतंय?"

एवढा अपमान माझा आयुष्यात कुणी केला नाही, आणि एवढे उपकारही.

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "बगा, बगा! चाळीस साल कापडात घालवली आन् कापडानंच फशिवलं! साहेब, डबे उघडा." गाव खदाखदा हसलं. साहेबांचा चेहरा लालबुंद. सगळ्यांदेखत ते म्हणाले, आणखी एकवीस दिवस, शेवटचे. या खेपेला घोळ झाला तर पूड सगळ्या शिवारात जाईल आणि गफूर घरी जाईल.

ते एकवीस दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. चाचा मात्र निवांत. या वेळी अठरा मडकी मांडली. सहा नुसती, सहा पूर्ण मापाची, सहा अर्ध्या मापाची. अर्ध्या मापाची कावून, असं मी विचारलं तर म्हणाले, "उदईवाल्या शेतकऱ्याची बी बाजू आयकाया पायजे." शिवाय प्रत्येक मडक्याशेजारी त्याच मातीचं एक बोळकं ठेवून त्यात बेण्याचा तुकडा आणि ओंजळभर उदई सोडली; मडक्यातच सोडली असती तर उदईनंच कापड खाल्लं असतं. प्रत्येक पट्टी माझ्याकडून ओली करवून खिळ्यावर घासवली. डाग नाही ना? पुर. दुसरी. डाग नाही ना? पुर. अठरा वेळा. रोज मी मडक्यांना पाणी घालताना पुटपुटायचो, देवा, पूर्ण मापाचं आणि अर्ध्या मापाचं, दोन्हींतलं कापड शाबूत निघू दे. चाचांनी एकदा ऐकलं.

"काय मागतो बे?"

"तुमचं म्हणणं खरं ठरू दे म्हणतो."

"लई वंगाळ दुवा हाय. खरं काय ते निघू दे, असं म्हण."

निकालाच्या दिवशी गाव दुप्पट जमलं. लोकांना तमाशाच हवा होता. नुसत्या मातीतल्या पट्ट्या फाटल्या. पूर्ण मापाच्या पट्ट्या पाच शेराला शाबूत, आणि आकड्याला टेकल्या तिथं काळा डाग नाही. चाचांचं म्हणणं खरं! मी ओरडणारच होतो. मग अर्ध्या मापाच्या निघाल्या. त्यांतली पहिली अर्ध्या शेराला फाटली. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच, नुसत्या मातीपेक्षा जराशाच चिवट. बेण्याचे तुकडे फोडले तर अर्ध्या मापातही उदई मेलेली, बेणं धड.

म्हणजे पूड चालत होती. निम्मी, पण चालत होती.

चाचांना पूड नको होती. पार नको होती. डबे सिंदफणेत बुडवा म्हटलं असतं तर त्यांनी नदीच्या पाण्याची काळजी करत, पण खुशीनं बुडवले असते, असं मी त्यांना चिडवायचो. त्यांनी अर्ध्या मापाची फाटलेली पट्टी हातात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. मग मान वर केली.

"मंडळी, मला वाटत व्हतं ही पूड पुरती बंद व्हावी. मडकं मनतंय, निम्मी चालंल. फक्त सरीत, बेण्यापाशी. शेतभर न्हाई. डब्यावरच्या मापानं तर कदी न्हाई. मडक्याचं ऐकायचं."

पाटील या खेपेला हसले नाहीत. उठले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "गफूरभाई, तुमी मागच्या बारीला गप बसला आसता तर माझा ऊस गेला आसता."

"आन् या बारीला गप बसलो आसतो तर?"

"तर बी गेला आसता," पाटील म्हणाले, आणि सगळ्यांसमोर चाचांना मिठी मारली. सोवळ्याओवळ्याचा माणूस, पण मारली.

निम्म्या मापाचा हुकूम निघाला. पत्र मीच लिहिलं आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुरेख अक्षर त्या पत्रात आहे. साहेबांनी खाली सही करताना फक्त एवढंच म्हटलं, "इसको नौकरी से निकालना नामुमकिन है।"

पाटलांचा एक गडी तेवढा अतिशहाणा निघाला. उरलेली पूड त्यानं विहिरीजवळच्या कोपऱ्यात सगळी ओतली. पुढच्या साली पाटील स्वतः डोक्यावर रिकामी टोपली घेऊन चाचांच्या दारात आले. कोपऱ्यातलं उसाचं पाचट वर्षभर जसंच्या तसं पडून होतं म्हणे. "विरजण द्या थोडं," म्हणाले. चाचांनी चाचीकडं असं बघितलं की विचारू नका.

पुढं माझी बदली बीडला झाली. अधूनमधून जायचो. शेवटचा भेटलो तेव्हा चाचा थकले होते, बाजेवर बसून असायचे, पण मला बघून उठले आणि हाताला धरून घरामागं नेलं. त्या मेलेल्या जागेत, अगदी मधोमध, घोळीची भाजी पसरली होती, हातभर.

"लागलं विरजण," म्हणाले. मी वाकून पाहिलं. लिंबाचा पाला खालून काळा पडून मातीत मिसळत होता. मला रडू फुटलं, आणि चाचा हसत होते.

पुढच्याच साली निरोप आला. सकाळी गेलो तर अंगणात माणसं बसलेली, पाटीलही. चाची आतून आली आणि मला म्हणाली, "कापड तूच आणावं मनून सांगून गेलेत."

कफनाचं कापड. कोरं मांजरपाट. मला वाटलं माझ्यावरचा विश्वास. चाची म्हणाली, "आन् मनले, मुन्शीला सांग, या बारीला दोरीवरचं आणू नगस." डोळ्यांत पाणी असताना हसू यावं असा तो एकच माणूस.

दुकानात गेलो. नवा गठ्ठा फोडायला लावला. कापडाचा कोपरा ओला केला आणि दुकानाच्या फळीतला एक लोखंडी खिळा उपटून त्यावर घासला. दुकानदार बघत राहिला. मी थांबलो. पुन्हा घासला, दुसऱ्या टोकाला. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा घासला.

डाग पडला नाही.

दुपारी कबरीपाशी सगळ्यांनी तीन तीन मुठी माती टाकली. माझी पाळी आली. मी वाकलो, मूठ भरली, आणि टाकायच्या आधी हात आपोआप नाकाशी गेला. पाटील शेजारी उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "कशी हाय?"

"जिती हाय," मी म्हणालो, आणि मूठ उघडली.